सरपंचीण थांबते तिथं

त्यांची पहिली भेट घडवून आणली ती सरपंचिणीनं.

सरपंचीण म्हणजे काळीभोर शेळी. कानावर पांढरा ठिपका, गळ्यात घुंगूर, चालीत तोरा. रोज दिवेलागणीला मेंढपाळ मल्हारचा शेळ्यामेंढरांचा कळप माळावरून कवठगल्लीतनं घरी परतायचा, त्याच्या पुढं ही. त्या दिवशी पतसंस्थेतून दमून आलेली मंजुषा दारात चप्पल काढत होती, तेवढ्यात हिनं पायरी चढून पिशवीतली मेथीची जुडीच ओढली.

"अहो! तुमची शेळी—"

"माझी न्हाय ती. म्याच तिचा हाय." मल्हारच्या खांद्यावर घोंगडं, मिशीत हसू. "सरपंचीण म्हणत्यात तिला. समदी तिच्या मागनं चालत्यात... म्यासुदिक."

"मग सरपंचीणबाईंना सांगा, भाजी बाजारात मिळते."

"सांगतो की. पर ऐकत्यात कुठं? पदावर हायत त्या."

हसू यायला नको होतं. आलंच.

दुसऱ्या दिवशी मंजुषाच्या मुठीत गुळाचा खडा होता, मग कधी भाकरीचा चतकोर. जनावराला एकदा गोडी लागली की त्याला वेळ कळते, दार कळतं. सरपंचीण थांबली की कळप थांबायचा, आणि कळप थांबला की मल्हारला थांबावंच लागायचं. तेवढ्यात दोन बोलणी व्हायची, एखादी नजर... मागं स्कूटरी कोकलायच्या.

"अशी कशी हो अडून बसते ही?" ओढणीआड मूठ लपवून मंजुषा विचारायची, भोळ्या डोळ्यांनी.

"काय की," तोही तितक्याच भोळेपणानं म्हणायचा. "हितली हवा मानवती तिला."

शेळीच्या तोंडाला गुळाचा वास येतो हे त्याला कळत नव्हतं थोडंच!

आणि मग तो दिवस आला. शेजारच्या कस्तुराकाकू नळावर घसरल्या, मनगट मोडलं. त्यांना दवाखान्यात नेणारी रिक्षा कळपामागं अडकून पडली. काकू आत कण्हत होत्या, आणि मेंढरांच्या पलीकडं मंजुषा मल्हारच्या कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसत होती. ते कण्हणं तिच्या कानावर आलंच नव्हतं. रात्री जेवताना आईनं सांगितलं, तेव्हा हातातला घास हातातच राहिला. कितीदा हात धुतले, तरी गुळाचा वास जाईना.

मंजुषाचे वडील, बलभीमअण्णा, त्या प्रभागाचे नगरसेवक. त्यांनी पालिकेत ठराव मांडला – कवठगल्ली जनावरांना बंद करावी, कळपानं बायपासनं जावं. बायपासला ट्रक कसे सुटतात ते सगळ्या गावाला ठाऊक. जात्यावर बसलेली एखादी म्हणाली असती,

*गल्ली गं बंद होते, ठराव केला गावानं*
*मनाच्या शेळीला बाई, बांधावं कोण्या दाव्यानं...*

सभेच्या दिवशी मागच्या खुर्च्यांवर गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती, त्यांत मंजुषा आणि कस्तुराकाकूही; मल्हारला पुढं बोलावलं होतं. अण्णा बोलायला उभे राहिले, ते तेरखेड्याच्या फटाक्यांच्या माळेगत तडतडले. "माणसाचा जीव मोठा का शेळीचा?"

"अण्णा, जीव मोठा का कळपामागं अडकणारी तुमची नवी गाडी?" समोरच्या बाकावरून विरोधी नगरसेवक शरणबसप्पांनी टोमणा मारला. "बायपासला कळप घातला तर मेंढरंच काय, राखणारं पोरगंबी ऱ्हायचं न्हाय."

नगराध्यक्षा दैवशालाबाईंनी टेबलावर हात आपटला. "मल्हार, तू सांग. समदी गल्ली सोडून जनावरं अण्णांच्याच दारात का थांबत्यात?"

मल्हार उभा राहिला. एकदाच त्यानं मागं पाहिलं... आणि नजर खाली घातली.

"माझं ध्यान नसतंय, बाई. चूक माझीच हाय."

मंजुषाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आत्ता उठावं. आत्ता... पण अण्णा समोर होते, काकूंचं प्लास्टर शेजारीच होतं.

"मग ठरावाला हात वर करा," बाई म्हणाल्या. एक हात वर झाला. दुसरा. तिसरा अण्णांचा.

"शेळ्या थांबत नाहीत." आवाज कुणाचा आला, हे मंजुषाला स्वतःलाच क्षणभर उमगलं नाही. ती उभी होती. "मी थांबवते त्यांना. गूळ घालते मी... रोज."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"कशापायी गं?" दैवशालाबाईंनी विचारलं.

मान खाली गेली. पायाचा अंगठा फरशी टोकरू लागला.

"कशापायी म्हंजे?" कस्तुराकाकू कडाडल्या. "डोळं हायत का गारगोट्या? आन् काय गं मंजे, आधी सांगायचं न्हाय व्हय? रिक्षा दुसऱ्या तोंडानं काढली असती की!"

हसण्याचा असा गदारोळ उठला की मंजुषाला वाटलं, धरणी फाटावी. अण्णांचा वर केलेला हात तसाच राहिला होता. मग तो हळूच खाली आला.

निर्णय झाला – गल्ली चालू, पण दारात थांबणं बंद.

त्या रात्री आमटीत मीठ पडलं नव्हतं. अण्णा निमूट जेवले, मीठ मागितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दाराआड उभी राहिली, रिकाम्या हातांनी. घुंगूर वाजत आलं... आणि थांबलं.

"चला सरपंचीणबाई," बाहेर मल्हारचा आवाज. "ठराव झालाय."

सरपंचीण हलेना. मंजुषानं दार उघडलं.

"सगळ्यांसमोर माझी चूक का घेतली अंगावर?" तिनं विचारलं. त्याच्याकडं पाहवत नव्हतं.

"तुमची एकटीची कुठं हुती? गुळाचा वास मलाबी येत हुता की." तोही मातीकडंच बघत होता. "म्याबी बोललो न्हाय... गोड लागत हुतं."

मागं हॉर्न वाजला. मंजुषानं चपला पायात सरकवल्या, पायरी उतरली.

"कुठं?"

"थांबायचं नाही म्हणालेत," ती म्हणाली. "चालायचं नाही असं कोण म्हणालंय?"

ती पुढं झाली, तशी सरपंचीण तिच्या मागनं निघाली, आणि सरपंचिणीमागं सगळा कळप. वळणावर मंजुषानं धीर करून मागं पाहिलं. कळपाच्या शेपटाला अण्णांची गाडी होती, मेंढरांच्या चालीनं येणारी. काच खाली होती.

हॉर्न मात्र त्यांनी पुन्हा वाजवला नाही.