गेलेल्यांची वही

धर्म कोणता आणि पंथ कोणता हे ठरवायला सरकारने एक छापील फॉर्म काढला होता, आणि तो भरायचं काम निरीक्षकाकडे होतं. फॉर्मात बावीस रकाने. संस्थेचं वय, सभासदांची संख्या, जागेचं क्षेत्रफळ, आग लागली तर बाहेर पडायचा दरवाजा, असं काय काय. पण खरा जीव चौदाव्या रकान्यात होता. ‘सभासदाला स्वेच्छेने संस्था सोडता येते काय?’ तिथे ‘होय’ आलं तर धर्मसंस्था म्हणून बारा वर्षांची नोंद. ‘नाही’ आलं तर तो बंदिस्त पंथ, आणि दाराला सरकारी सील.

कार्यालयातले हेडक्लार्क या फॉर्मची मनसोक्त टिंगल करत. “शंभर वर्षं टिकला तो धर्म, कालपरवा निघाला तो पंथ. आपण नुसतं वय विचारायचं आणि चहाला जायचं.” निरीक्षक या विनोदावर कधी हसला नाही. त्याला तो चौदावा रकाना मनापासून पटला होता. ज्या घरातून रुसून निघून जाता येतं ते घर, बाकीचे सगळे तुरुंग, असं तो नव्या माणसांना शिकवताना म्हणायचा. म्हणताना त्याची नजर मात्र टेबलाकडे असायची.

कारण बारा वर्षांपूर्वी लाँड्रीच्या वरच्या हॉलमधल्या बैठकवाल्यांचा फॉर्म त्यानं खुर्चीतून न उठता भरला होता. त्या दिवशी मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता, जेवण होतं, आणि त्या लाँड्रीचा जिना अगदी उभा आहे असं त्यानं ऐकलं होतं. नियमाप्रमाणे निरीक्षकानं एक पूर्ण बैठक स्वतः बसून पाहायची असते. त्यानं चौदाव्या रकान्यात ‘होय’ लिहिलं आणि जेवायला गेला.

आठवड्याभरानं धाकट्या बहिणीनं विचारलं, “दादा, ती लाँड्रीवरची माणसं बरी आहेत ना? तू स्वतः बघितलंस ना?”

“वरपासून खालपर्यंत,” तो म्हणाला होता.

धाकटी शिवणकाम करायची. तोंडानं सतत काहीतरी गुणगुणायची, क्षुल्लक गोष्टीवरून भांडायची, आणि पाच मिनिटांत रडून मोकळी व्हायची. दादाच्या शब्दावर ती बैठकीत गेली. सहा वर्षं जात राहिली. मग एके दिवशी येऊन म्हणाली, “सोडलं मी ते. कोणी अडवलं नाही.” निरीक्षकाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे न बघता लिहिलेलं ‘होय’ खरंच निघालं होतं.

पण त्या दिवसापासून धाकटीचं गुणगुणणं थांबलं. ती भांडेनाशी झाली. शिवण पूर्वीसारखंच सफाईदार, बोलणं गोड, तब्येत उत्तम. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हा तिनं सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांच्या चपला नीट लावल्या, आणि एकदाही रडली नाही. नातेवाईक म्हणाले, काय धीराची पोर आहे. आपण काहीतरी केलंय, एवढं निरीक्षकाला कळत होतं. नेमकं काय, ते कोणाला विचारायचं?

आता बारा वर्षं भरली आणि तोच फॉर्म नूतनीकरणासाठी पुन्हा टेबलावर आला. हेडक्लार्क म्हणाले, “द्या ना एखाद्या ज्युनियरला.” निरीक्षक म्हणाला, “नाही. मीच जाणार.” या वेळी एकही नियम चुकवायचा नाही, आणि तिथे तिळभर जरी काही वावगं दिसलं तर ‘नाही’ लिहून त्या दाराला सील ठोकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बहिणीचं गेलेलं परत येईल की नाही ते माहीत नव्हतं. निदान आपल्या हातून झालेलं आपल्या हातानं पुसता येईल, असं त्याला वाटत होतं.

मंगळवारी सकाळी अकराला तो जिना चढला. बावीस पायऱ्या, मुळीच उभा नव्हता. खालून साबणाचा आणि वाफेचा वास वरपर्यंत येत होता. हॉल स्वच्छ, खिडक्या मोठ्या, सगळ्या उघड्या. दाराला आतून कडीच नव्हती. त्यानं ते मुद्दाम हात फिरवून पाहिलं.

व्यवस्था बघणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी हसून स्वागत केलं. “कुठेही बसा साहेब. फक्त भिंतीकडच्या रांगेत नको.”

भिंतीकडे तेवीस लाकडी खुर्च्या मांडलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. प्रत्येकीसमोर खाली पाण्यानं भरलेला पेला.

“त्या कोणासाठी?”

“जे सोडून गेले त्यांच्या. गेलेल्यांची जागा आम्ही मोडत नाही.”

“ते परत येतात?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “कशाला येतील?”

खिडकीकडे तीसेक सभासद बसले. दुकानदार, नर्स, एक बसचालक गणवेशात. प्रवचन नाही, फोटो नाही, कोणी गुरू नाही. तास संपेपर्यंत गप्प बसायचं, बस्स. निरीक्षकानं फॉर्म मांडीवर घेतला आणि रकाने भरू लागला. क्षेत्रफळ, खिडक्या, पंखे. सगळं नियमात बसत होतं, आणि त्याचा त्याला राग येत होता.

वीसेक मिनिटांनी एक खुर्ची करकरली. त्यानं वर पाहिलं. खिडकीकडचे सगळे स्थिर होते.

नंतर त्याच्या लक्षात आलं की पेले आता भरलेले नाहीत. कुठे बोटभर कमी, कुठे अर्धा. गरमी होती, पण इतकी नाही. तो उठला, हिशेबी माणसाप्रमाणे भिंतीपाशी गेला आणि पहिल्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. दुसऱ्या खुर्चीचंही. तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवायला गेला, आणि का कोण जाणे, त्यानं आधी “माफ करा” म्हटलं.

हात टेकवायचं धाडस झालं नाही.

परत वळताना त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला. मग गुणगुणणं ऐकू आलं. सूर जरा वर चढून चुकायचा, तो नेहमीच्याच जागी चुकला.

शेवटून चौथ्या खुर्चीवर धाकटी बसली होती. सहा वर्षांपूर्वीचा निळा पोशाख, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान. बाकीच्या खुर्च्यांवर कोण होतं ते त्याला दिसलं नाही. ओळखीचं माणूसच तेवढं दिसत असावं.

“दादा,” ती म्हणाली. “इतका उशीर?”

धाकटी आत्ता दोन गल्ल्या सोडून तिच्या दुकानात यंत्रावर बसलेली असणार. येताना त्यानं तिला काचेतून हात केला होता.

“चल घरी,” तो कसाबसा म्हणाला.

“मी गेले की. तू बघितलं नाहीस?”

“ऊठ. मी आहे ना.”

तिनं प्रयत्न केला. खांदे हलले, तळवे खुर्चीवर दाबले गेले, चेहरा लाल झाला. मग ती पुन्हा मागे टेकली. “नाही होत रे.”

“कोणी धरलंय तुला?”

“कोणीच नाही.” तिचे डोळे भरून आले. “दादा, आई बरी आहे ना? तिच्या ब्लाउजला हुक लावायचे राहिलेत माझ्याकडून. रोज आठवण येते.”

निरीक्षकाला वाटलं, आपण इथेच खाली बसावं आणि डोकं जमिनीवर आपटावं. बारा वर्षांपूर्वी बावीस पायऱ्या चढायचा कंटाळा केला होता त्यानं. एका जेवणासाठी.

“बरी आहे,” तो म्हणाला.

“तिला सांग, येते म्हणावं.” आणि ती रडू लागली. पाच मिनिटांत थांबेल असं त्याला वाटलं. पाच मिनिटं होऊन गेली. तास संपल्याची टाळी वाजली, सभासद उठून एकमेकांशी बोलू लागले, तरी ती रडतच होती आणि कोणी वळूनही बघत नव्हतं.

निरीक्षक मास्तरीणबाईंच्या टेबलापाशी गेला. “सोडून गेलेल्यांची नोंद दाखवा. आत्ता.”

बाईंनी लगेच वही काढून दिली. तेवीस ओळी. नाव, तारीख, सही. विसाव्या ओळीत धाकटीची वळणदार सही होती. कुठे खाडाखोड नाही, सक्तीची खूण नाही.

“मी हे बंद करणार आहे,” तो म्हणाला. “आजच्या आज ‘नाही’ लिहिणार. ती माझी बहीण आहे.”

“लिहा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. आम्ही कोणाला कधी अडवलं नाही.”

त्यानं खिशातून पेन काढलं. तपासलेल्या कुठल्याही वहीत शेवटच्या नोंदीखाली निरीक्षकानं तारीख घालून सही करायची असते. बारा वर्षांपूर्वी हीच सही राहिली होती.

बाईंनी वहीवर हात ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. “सही नको साहेब. बघितलंत तेवढं पुरे आहे.”

“नियम आहे.”

“ऐका माझं.”

“हात काढा,” निरीक्षक म्हणाला.

बाईंनी हात काढला. त्यानं चोविसाव्या ओळीत तारीख घातली आणि सही केली.

जिना उतरताना त्याला बरं वाटलं. खांदे मोकळे झाले होते, श्वास पोटापर्यंत जात होता. वर कोणीतरी पुरुष रडत होता, मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. निरीक्षक सातव्या पायरीवर थांबला. बिचाऱ्याचं काय बिनसलंय कोण जाणे, असं मनात आलं. मग तो खाली आला. लाँड्रीवाल्यानं नमस्कार केला, त्यानंही केला.

धाकटीच्या दुकानात पोचल्यावर त्यानं फॉर्म तिच्या कापायच्या टेबलावर पसरला. ‘नाही’ लिहायचं आहे हे त्याला पक्कं आठवत होतं. का लिहायचं, तेही आठवत होतं, पाठ केलेल्या पत्त्यासारखं. पण त्या शब्दाकडे हात वळेना. सभासद सोडून जाऊ शकत होते, ते त्यानं स्वतः बघितलं होतं. त्यानं ‘होय’ लिहिलं.

“जाऊन आलास?” धाकटीनं विचारलं.

“हो. तू तिथे रडत होतीस. आई कशी आहे विचारलंस.”

“मग?”

“बरी आहे म्हणालो.”

“बरं केलंस.” तिनं दातांनी दोरा तोडला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “आणि तू?”

त्यानं आठवून पाहिलं. “मीही रडत होतो. जिन्यात ऐकू येत होतं.”

“थांबत नाही ते,” धाकटी म्हणाली. “कॉलर उसवलीय तुझी. काढ शर्ट, टाका घालून देते.”

त्यानं शर्ट काढून दिला. ती टाका घालत असताना दोघांनी चहा घेतला. बऱ्याच वर्षांनी त्याला चहा चांगला लागला, म्हणून त्यानं आणखी अर्धा कप मागितला.