तिप्पण्णाच्या शेतातली माती

सोलापुरात मातीचं घर बांधतो म्हटलं की लोक आधी हसतात. "इंजिनिअर होऊन चिखलातच खेळतोस की रे विरेश," असं माझा सख्खा मामा चारचौघांत म्हणाला. म्हणू दे. पत्र्याच्या खोलीत एक उन्हाळा काढून दाखवा, मग बोला. दमट माती फळ्यांच्या साच्यात टाकायची, धुम्मसानं ठोकायची, थरावर थर चढवायचे. भिंत पक्की होते, आत गारवा राहतो आणि विटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

हे घर माझ्या धाकट्या बहिणीचं, सिद्धेश्वरीचं. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारते. नवरा तिप्पण्णा तिला गुरासारखं मारायचा. गेल्या वर्षी तो मेला. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? आमच्यात रीत आहे तशी त्याला त्याच्याच शेतात, बसवून, माती दिली. सिद्धूला आता एवढंच हवं होतं, निर्धास्त झोपता येईल असं स्वतःचं घर.

काळी माती भिंतीला चालत नाही, तडकते. तांबूस, मुरमाड हवी. ती मिळाली तिप्पण्णाच्या शेतात. दीर आडवा आला. मी त्याला कायदा ऐकवला. शेत आता सिद्धूचं, माती तिच्या हक्काची. समाधी पार पलीकडच्या बांधाला होती. तिकडं आम्ही फावडंसुद्धा लावलं नाही, हे शपथेवर सांगतो.

ट्रॉली रिकामी होताना सिद्धू बघत उभी होती.

"अण्णा, दुसरीकडची माती न्हाय का मिळत?"

"मातीवर काय नाव लिहिलेलं असतं का?" मी खेकसलो.

भिंती झकास उठल्या. फळ्या काढल्या तेव्हा निंगप्पा गवंड्यानं नाक धरलं. "साहेब, भिंतीला दारूचा वास येतोय." मी त्यालाच झापलं, तूच ढोसून आला असशील म्हणालो. वास मलाही आला होता.

मे महिन्यात ती राहायला गेली. बाहेर डांबर पाघळत होतं, आत माठाजवळ बसल्यासारखं गार. येईल तो वाहवा करायचा. ती एकटीच घामानं भिजलेली असायची.

मग मागच्या भिंतीत खळगा दिसला. ओल नाही, पापुद्रे नाहीत. पाठ टेकून टेकून झिजावी तसा, खाली रुंद, वर डोक्याएवढा गोल. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीचा. मी तो मातीनं भरला, ठोकला, हात फिरवून बघितला.

पुढच्या रविवारी गेलो. भरलेली जागा जशीच्या तशी होती. खळगा सरकून स्वयंपाकाच्या ओट्याकडं आला होता.

माझं डोकंच फिरलं. निंगप्पाला फोनवर शिव्या घातल्या, भिंत पाडून टाकतो म्हणालो. सिद्धू धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवायला लागली.

"हळू बोल की, अण्णा."

तिच्या दंडावर पाच बोटं उठली होती. वळांत तांबूस कण रुतले होते. चोळलं तरी निघेनात.

"कोण आलं होतं? दीर?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

त्यानंतरच्या खेपेला खळगा तिच्या अंथरुणाशी होता.

मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन भर दुपारी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीतून डोकावलो. चारी भिंती गुळगुळीत. खळगा कुठंच नव्हता.

सिद्धू खिडकीशी आली. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"सामान भर. माझ्या घरी चल. कामावर का जात नाहीस?"

"ह्यांना आवडत न्हाय."

"कुणाला? सिद्धू, मेलाय तो!"

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."

मी दाराकडं निघालो. तिनं गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

"नको, अण्णा. तू जा."

तेवढ्यात दाराला आतून कडी लागली.