कपात थेंब उरला नाही

या, सरका जरा जवळ. गोष्ट कडू कॉफीची आहे, पण ऐकून उठाल तेव्हा तोंड गोड झालेलं असेल, हा माझा शब्द.

त्या दिवशी पाऊस तिरपा येत होता. कॉफीच्या दुकानाचं दार ढकलून ती आत शिरली, नखशिखान्त भिजलेली. आणि छातीशी धरलेली पिशवी मात्र कोरडी ठणठणीत.

"पिशवीला छत्री... आणि तुम्हाला?" कॉफी करणाऱ्याने टॉवेल पुढे केला.

"मी वाळेन हो. ह्या बिया भिजल्या तर वायाच जातील."

हसली ती. टॉवेल त्याच्या हातातच राहिला.

पिशवीत तिच्या घरच्या मळ्यातली कॉफी होती. बाबा पिकवायचे, आई एकेक बी हाताने निवडायची, लेक भाजायची. पण दरवर्षी व्यापारी यायचा आणि त्यांचं पीक दहा मळ्यांच्या ढिगात ओतून मोकळा व्हायचा. एकदा तरी कुणी निव्वळ आपल्या मळ्याची कॉफी प्यावी, एवढीच बाबांची आस. दुकानाच्या मालकिणीने निवाडा ह्या कॉफी करणाऱ्यावर सोपवला होता: तो हो म्हणाला, तर सगळं पीक घेऊ आणि बिनमिसळीचं विकू.

त्याने पूड दाबून बसवली. यंत्राने सुस्कारा टाकला आणि एवढ्याशा कपात एस्प्रेसोची मधासारखी धार उतरली. घोट घेतला. आधी संत्र्याच्या सालीचा झणका, मग करपत आलेल्या साखरेचा गोडवा, आणि मग... गाणारा थांबला तरी कानात सूर राहतो ना, तसं काहीतरी जिभेवर राहिलं.

दुसरा कप त्याने तिच्यापुढे केला, तर ती मागे सरली. घरी फुटक्या बियांचीच कॉफी होते, म्हणाली, चांगल्या सगळ्या विकायला जातात. आईने आजवर आपली चांगली कॉफी चाखलेली नाही. ती चाखेपर्यंत मीही नाही.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, ताज्या भाजलेल्या बियांना जरा विसावा हवा, परवा या. परवा म्हणाला, दळण जाड झालं. पुढच्या खेपेला हवाच दमट निघाली. ती येत राहिली, गप्पा रंगत राहिल्या, आणि कॉफी काही जमेना.

शेवटी एका सकाळी ती उभ्याउभ्याच बोलली. "उद्या व्यापाऱ्याचा ट्रक येतोय. बाबांना झोप नाही. जमली नसेल तर तसं सांगा."

"अजून थोडी—"

"बाकीच्यांची कॉफी घोटभर चाखून ओतून देता. आमच्या कपात एकदाही थेंब उरला नाही. मला काय डोळे नाहीत?"

त्याची मान खाली गेली. "पहिल्याच दिवशी जमली होती. हो म्हटलं असतं, तर... तुमचं येणं संपलं असतं."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात राग होता की हसू, देव जाणे. "माझ्या बाबांची झोप उडवलीत. आता भरपाई करा. हे यंत्र उचलून नेता येतं?"

ते नव्हतं येत. पण त्याच्या घरी हाताने दाबायचं छोटं यंत्र होतं. ते घेऊन दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मळ्यावर हजर झाला. आई सुपात बिया निवडत बसली होती. पहिला कप त्याने तिच्या हाती दिला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. होकार होता, हे सांगितलं, आणि तो का अडवून ठेवला, तेही.

आईने घोट घेतला. डोळे मिटले. मग विचारलं, "ही... आपली?"

बाबा पाठ फिरवून झाडांकडे बघत राहिले. ट्रक आला तसा रिकामा परत गेला.

आईने कप खाली ठेवला. त्यातही थेंब नव्हता. "हो म्हणायला तू एवढा वेळ लावतोस," ती त्याला म्हणाली, "तर पुढचं मीच विचारू का रे बाबा?"

"वेळ त्यांनी लावला, आई." लेकीने त्याच्या हातातला कप घेतला आणि आपल्या चांगल्या कॉफीचा आयुष्यातला पहिला घोट प्याली. "मी नाही लावणार."

कधी अशी छोट्या कपातली कॉफी घ्याल, तर शेवटच्या थेंबाला त्या माउलीची आठवण ठेवा. चांगलं ते जन्मभर दुसऱ्यांसाठी निवडलं तिने, आणि फुटकं होतं ते गोड मानून घेतलं.