पोत्याची मान

"हात गार आहेत तुझे," आई तिच्या कानाशी कुरकुरली.

कुरकुर कानाशीच येणार. कारण आईची हनुवटी तेव्हा ताईच्या खांद्यावर टेकलेली होती, लुळा डावा हात पाठीवर लोंबत होता, आणि पलंगापासून खुर्चीपर्यंतच्या त्या चार पावलांत आईचा सगळा भार ताईच्या कमरेवर होता. गेली दहा वर्षं हे आलिंगन दिवसातून सहा वेळा घडत होतं... आणि दोघींपैकी एकीनेही त्याला आलिंगन म्हटलं नव्हतं.

"आज चोळायला वेळ नाही झाला," ताई म्हणाली. "नऊला पोचायचंय. बारापर्यंत येते, मग निजवते."

पोचायचं होतं नर्सिंगच्या शाळेत, प्रवेशाच्या चाचणीला. वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष. दहा वर्षांपूर्वी तिला तिथे जागा मिळाली होती, आणि त्याच आठवड्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. आईला उचलायला धाकटा भाऊ धावला खरा, पण जिन्यात घसरून मनगट मुरगळून बसला. मग ताईनेच उचललं. मनगटाची पट्टी दीड महिन्यात सुटली. पण 'याला जड उचलायचं नाही' हे वाक्य घरात मुक्कामालाच राहिलं. रविवारी बॅडमिंटन खेळताना तेच मनगट चाबकासारखं फिरे. सगळ्यांना दिसे. घर म्हटलं की काही गोष्टींवर पांघरूण घालावंच लागतं, आणि या घरात पांघरुणं घालायला ताई होतीच.

"ताई, तुमची निवड झाली तर आईंचं कोण करणार?" भावजयीने चहाचा कप पुढे करत विचारलं.

"आधी होऊ तर दे निवड," भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला. त्या आवाजात काळजी नव्हती. भरवसा होता... ती होणार नाही याचा.

शाळेत आधी लेखी प्रश्न होते. दुसऱ्याचं दुःख पाहून शांत राहता येतं का? ताईने लिहिलं, येतं. राग आला तर काय करता? तिने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, चादर बदलते.

मग मोठ्या दालनात वीस किलो वाळूचं पोतं. जमिनीवरून उचलायचं, दहा पावलं चालायचं, टेबलावर ठेवायचं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली हसत, धापा टाकत, पोतं धपकन आदळत होत्या. ताईची पाळी आली. तिने वाकून पोत्याला कवेत घेतलं, गाल टेकवला, एक तळहात आपोआप त्याच्या वरच्या टोकाखाली गेला, आणि तिने ते इतक्या अलगद टेबलावर निजवलं की वाळूचा कणही वाजला नाही.

"बाई, पोत्याला मान नसते," मेट्रनबाई म्हणाल्या.

मुली हसल्या. ताईही हसली. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत.

"घरी कोण आहे?"

"आई. दहा वर्षं झाली."

"तुमच्याबरोबर दुसरं कोण उचलतं?"

"भावाचं मनगट..." म्हणून ताई थांबली. परक्या माणसासमोर ते वाक्य पुरं होईना.

शेवटी वाकून सरळ होण्याची परीक्षा होती, वीसदा. सातव्या खेपेला ताई वाकली ती वाकलेलीच राहिली. कमरेतून तापलेली सळई जावी तशी कळ गेली आणि फरशी डोळ्यांसमोर गरगरली. डॉक्टरांनी मणके चाचपले, फोटो काढला, तो उजेडाला धरून पाहिला. यात बारा कधीच वाजून गेले. कागदावर एवढंच लिहिलं होतं... रुग्ण उचलण्यास असमर्थ.

"मनाच्या परीक्षेत तुम्ही सगळ्यांत वर आहात," मेट्रनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण माणसाला एकटीने उचलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिल्या दिवसाचा धडा. तुम्हाला तो कुणीच सांगितला नाही."

ताई घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. आई अजून खुर्चीतच होती, एका बाजूला कलंडलेली. पाठीला दोन उशा तेवढ्या कुणी दयाबुद्धीने खोचल्या होत्या.

भावाने कागद वाचला. "असू दे गं," तो म्हणाला, आणि सुटकेचा निःश्वास त्याला नीट गिळता आला नाही. "घरी काय कमी मान आहे तुला? आईला आधी निजव, सकाळपासून ताटकळलीय."

ताई वाकली. तोंडातून हुंकार न काढता वाकण्याची तिला सवय होती. पण आईने उजव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, तो सोडवेना.

"कागदावर काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"काही नाही, आई. पाठ जरा..."

"तू नको. तो उचलेल."

"आई, माझं मनगट..." भाऊ म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात भांडं हातात धरून उभी राहिली. भावाने मान खाली घातली, आणि सावकाश पुढे आला.

"कमरेतून नको, गुडघ्यातून वाक," ताई म्हणाली. आवाज धड होता, डोळे तेवढे ऐकत नव्हते. "हात आधी चोळून घे, तिला गार लागतात. मानेखाली हात. हं... आता उचल."

त्याने उचललं. मनगटाला काही झालं नाही. आईची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली, आणि ती त्याच्या कानाशी, पण साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पट्टी सुटली तेव्हाच ठाऊक होतं मला, तुझं मनगट बरं आहे ते. हिचा हात सवयीचा झाला म्हणून गप्प बसले... हिची पाठ आपण दोघांनी मोडली रे."