तीन टिचक्या

काम साधं होतं. बातमी पाठवायची. संध्याकाळचे सहा वाजले होते, बाहेरगावची आवृत्ती आठला सुटायची आणि माझ्या घरच्या मॉडेमची जोडणी तिसऱ्यांदा तुटली होती.

बातमी खारूताईची होती. म्हणजे आमच्या भागातल्या लाइनमनची. सरसर खांब चढायचा म्हणून सगळे त्याला खारूताई म्हणायचे. आठ दिवसांपूर्वी वाऱ्याने विजेची तार झुकून त्याला लागली आणि तो खांबावरच गेला. टेलिफोन खात्याने हात झटकले, 'आदेश नसताना चढला.' आता उद्याच चौकशी होती. हा शिक्का बसला, की त्याच्या बायकोला दोन मुलींसह क्वार्टर सोडावं लागणार होतं. तीस वर्षं मी असले कागद वाचतोय. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून साहेबलोक सगळा दोष त्याच्याच खिशात कोंबतात. बातमीत मी त्यांना सोलून काढलं होतं.

फोन वाजला. डेस्कवरचा उपसंपादक, माझा जुना दोस्त.

"अरे बाबा, पुन्हा तिथंच तुटली. तीन परिच्छेद येतात, चौथ्याला गप्प."

"परत पाठवतो."

"कबुतर पाठव. लवकर पोचेल."

मी कॉल-वेटिंग बंद केलं. वायर बदलली. मॉडेमचा वेग निम्म्यावर आणला. दुसरा फोन कोणी उचलला तरी जोडणी तुटते, म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

"मी हात लावलेला नाही हं," मी विचारण्याआधीच बायको म्हणाली.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तोंड म्हणतंय ना तुमचं."

तो फोन काढून मी कपाटात ठेवला. दोष ऐकू यावा म्हणून मॉडेमचा स्पीकर चालूच ठेवला आणि पुन्हा नंबर लावला. मॉडेम किंचाळला, खरखरला, मग एकसुरी घरघरू लागला. ओळी सरकू लागल्या. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. चौथ्याची पहिली ओळ होती, 'तो त्या संध्याकाळी खांबावर का होता, हे कोणालाच ठाऊक नाही.'

टक. टक. टक.

जोडणी तुटली. खोलीत जळक्या रबराचा वास आला. मी रिसीव्हर उचलला. डायल टोन नव्हता. उंचावर तारांतून वाहतो तसा वारा तेवढा ऐकू येत होता.

"कोण आहे...?"

टक. टक. टक.

त्या टिचक्या मला ठाऊक होत्या. खारूताईचा मीटरवर भरवसा नव्हता. जोड झाला, की वरूनच टेस्टफोनने ज्याची लाइन त्याच्या घरी घंटी द्यायचा आणि त्याने उचलल्यावर माउथपीसवर नखाने तीन टिचक्या मारायचा. समोरच्यानेही तीन मारायच्या. उत्तर आल्याशिवाय तो खाली उतरायचा नाही.

त्या संध्याकाळी बंद पडलेली लाइन माझीच होती. शेजारच्या घरून टेलिफोन खात्याच्या इंजिनिअरला फोन करून मीच ओरडलो होतो, "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा, नाहीतर उद्या छापतो!" तो म्हणाला होता, "चिडू नका, लगेच चढवतो त्याला." हाच तो आदेश. ऐकणारा मी एकटा. पुढे घंटी वाजली, टिचक्या ऐकल्या, आणि लाइन आली या आनंदात मी रिसीव्हर आपटून मॉडेमकडे पळालो.

तो वर थांबला असणार. माझ्या उत्तरासाठी.

बातमीदाराने बातमीत स्वतः यायचं नसतं, असं आम्ही नवशिक्यांना शिकवतो. त्या नियमाआड मी आठ दिवस लपलो होतो. निर्लज्जासारखा.

चौथा परिच्छेद पुसला. नव्याने लिहिला. इंजिनिअरचं वाक्य, वेळ, माझी धमकी, न दिलेलं उत्तर. 'याचा साक्षीदार मी आहे.' पाठवला. एकदाही अडकलं नाही.

"आली रे, पूर्ण आली," दोस्ताचा फोन आला. मग आवाज खाली आला. "हे... असंच छापू?"

"असंच."

"तुझ्यावरही शेकेल."

"शेकू दे."

त्याने फोन ठेवला. मी नाही ठेवला. टोन येण्याऐवजी पुन्हा वारा आला. मग टिचक्या. या वेळी थकलेल्या, लांब लांब.

टक... टक... टक...

मी नखाने तीन मारल्या. वारा थांबला. डायल टोन आला.

सकाळी खांबापाशी गेलो. त्याला उतरवताना अडकून राहिलेला खारूताईचा कमरेचा पट्टा आठ दिवस वरच लटकत होता. तो कोणी काढायचा, यावर टेलिफोन खातं आणि वीज खातं एकमेकांना पत्रं लिहीत होती. आता तो खांबाच्या बुडाशी होता. नीट गुंडाळलेला, बक्कल वर. काम संपवून खाली उतरला, की तो ठेवायचा तसा. नवा लाइनमन शिडी घेऊन नुकताच येत होता.

"तुम्ही काढलात?"

"नाही हो. या खांबावर चढायची परवानगीच आलेली नाही." त्याने पट्टा उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली टाकला. "साहेब... हा गरम कसा?"

ऊन अजून खांबावर आलं नव्हतं. मी पट्टा पेपरात गुंडाळला. आमच्याच पेपरात, बातमी छापलेल्या पानात.

अकराला चौकशी सुरू झाली. जबाब द्यायला उभं राहण्याआधी मी पट्टा इंजिनिअरसाहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो बाजूला सारायला बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली.

अजून गरम होता.