भोंगा वाजला नाही

वकीलबाईंकडे येणारी माणसं आधी बसत आणि मग रडत. ही बाई बसलीही नाही आणि रडलीही नाही. सोबत धाकटा भाऊ होता; तिची पिशवी त्याच्याच हातात होती.

तिचा नवरा प्रादेशिक परिषदेचा फाटकवाला. नदी वाढली की भोंगा वाजणार आणि त्याने बुटक्या पुलाचं फाटक खाली घ्यायचं, असं ते काम. पंधरा दिवसांपूर्वी पहाटे पूर आला आणि तो वाहून गेला. फाटक अर्धं खाली आलेलं सापडलं. परिषदेच्या अहवालात लिहिलं होतं की भोंगा वाजला, पण कर्मचारी झोपलेला होता.

"वर्षअखेर क्वार्टर सोडायला सांगितलंय," ती म्हणाली. "तीन महिने उरलेत. घर जाऊ दे. पण ड्यूटीवर झोपले होते, हे माझ्या मुलींनी जन्मभर ऐकायचं?"

भाऊ खाली मान घालून उभा होता. भोंग्याच्या यंत्राची देखभाल त्याच्याकडेच होती. पुराच्या आठ दिवस आधी साफ केलं, यंत्र ठणठणीत होतं, त्यामुळे दाजींच्या बाजूने बोलायला तोंडच उरलं नाही, असं तो कसंबसं म्हणाला.

वकिली सोडून दहा वर्षं झाली तरी वकीलबाईंचं नाव काही सुटलं नव्हतं. त्यांचे दीर भाऊजी वही घेऊन सोबत असत. ते सगळं लिहून घेत, आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं त्यांच्या डोक्यावरून जाई.

कंट्रोल रूमचा ऑपरेटर आधीच चिडलेला होता. भोंगा वाजला की बोर्डावर लाल दिवा लागतो. त्या पहाटे तो लागलाच नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंजिनियरसाहेबांनी त्यालाच झापलं, की तू चहाला गेला असशील. "गेलो होतो," तो पुटपुटला, "पण पाच मिनिटं."

इंजिनियरसाहेब गोड बोलणारे. दर महिन्याला यंत्र साफ झाल्याचा अहवाल त्यांच्या फायलीत होता. शिवाय साफ करणारा मेलेल्याचा सख्खा मेहुणा. तो कशाला खोटं बोलेल?

दुसऱ्या दिवशी सगळे नदीवर गेले. काठावर सिमेंटची उंच, पोकळ विहीर होती. तळाच्या नळीतून नदीचं पाणी आत शिरायचं, तरंगा वर चढायचा आणि भोंगा वाजायचा. यंत्राची पेटी माथ्यावर, लोखंडी पायऱ्या चढून गेल्यावर. पुराची खूण विहिरीच्या निम्म्यावर थांबली होती. भाऊ खाली कठडा घट्ट धरून उभा राहिला. ऊन नव्हतं, तरी त्याला घाम फुटला होता.

इंजिनियर वर चढले. अपघाताच्या दिवशी त्यांनीच कुलपाच्या भोकावर चिकटवलेलं कागदी सील फाडलं. किल्ली आत जाईना. "पुराचा गाळ," म्हणत त्यांनी तारेने भोक कोरलं. वाळलेली माती भुरभुरली आणि एक पिवळट अळी खाली उभ्या भाऊजींच्या वहीवर पडली. भाऊजींनी ती फुंकून उडवली.

पेटी उघडून इंजिनियर खाली उतरले. आत काय आहे ते टिपायला वकीलबाईंनी भाऊजींना वर पाठवलं. तरंगा तळाला पडलेला होता. देखभालीचं कार्ड काढून ते कौतुकाने म्हणाले, "वहिनी, या वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा ओळी, आणि प्रत्येकीपुढे सही. एवढा टापटीप माणूस मी पाहिला नाही."

वकीलबाईंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. तळाची नळी मात्र त्यांनी स्वतः वाकून पाहिली. ती गाळाने गच्च होती.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये सगळे जमले.

"पूर पेटीपर्यंत पोचलाच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मग कुलपात गाळ कुठून येणार? ते कुंभारमाशीचं घरटं होतं. सील लागण्याआधीच बांधलेलं. रोज वापरात असलेल्या भोकात माशी घर करत नाही. पण किल्ली किती दिवस फिरली नव्हती, ते माशी सांगू शकत नाही. ते कार्ड सांगतं. भाऊजी, वर्ष संपायला किती अवकाश आहे?"

"तीन महिने."

"आणि सह्या?"

"बारा," म्हणत भाऊजींनी वहीत पुन्हा पाहिलं.

"न आलेल्या तीन महिन्यांच्याही सह्या आहेत. सगळ्या एकदमच केलेल्या. नळी साफ झालीच नाही, पाणी आत शिरलं नाही, तरंगा उठला नाही. भोंगा वाजला नाही. ऑपरेटर खरं बोलत होता. तरी फाटक अर्धं खाली आलं होतं. कुणी न उठवता एक माणूस नदीवर नजर ठेवून होता म्हणून."

भावाने पिशवी जमिनीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी तो त्या पायऱ्यांवरून पडला होता. तेव्हापासून वर पाहिलं तरी डोकं गरगरायचं. सांगितलं तर नोकरी जाईल म्हणून वर्षातून एकदाच, नवं कार्ड लावायला, डोळे मिटून चढायचा. आणि वरच्या पेटीतली झडप उघडल्याशिवाय खालची नळी धुता येत नव्हती.

"ताई, मला वाटलं, एका वर्षात काय होतंय."

बहिणीला राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्हींचा तिला सारखाच त्रास होत होता.

"मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी चढले असते रे."

मग तिने भाऊजींच्या वहीतलं कोरं पान मागून घेतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"लिही. भोंगा वाजला नाही. ते जागे होते. खाली सही कर, आणि तारीख आजची घाल."

भाऊजींनी आपलं पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं आणि तो लिहायला लागला.