पान सातवरचा निकेश

"मॅडम, ही बातमी डिलीट करायची हाय," तो दारातूनच म्हणाला. त्याच्याआधी सुकटीचा वास आत आला होता.

प्रियदर्शिनीनं कीबोर्डवरचे हात थांबवले. 'खाडीकाठ' दैनिकाची कचेरी नेरूळला एका मिठाईच्या दुकानावर होती. दिवसभर खालून तुपाचा नि पाकाचा वास यायचा, त्यामुळे सुकट आत येताच सगळ्यांच्या माना वर झाल्या. दारात पंचविशीतला उंच मुलगा उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात चुरगळलेला कागद. त्यानं तो कागद तिच्या टेबलावर ठेवून तळव्यानं सरळ केला. 'खाडीकाठ'चं पान सात. वर तिचं नाव आणि खाली तिचंच वाक्य : 'निकेशच्या हातून सोपा झेल निसटला आणि त्याबरोबर शिरवणे इलेव्हनची ट्रॉफीही.'

"तुम्ही निकेश?"

"परवापर्यंत होतो. आता गावात सगळे 'निसटला' म्हणतात."

तिनं समजावलं की छापलेलं पुसता येत नाही. मग ऑनलाइन तरी पुसा, असं तो म्हणाला. ऑनलाइन ती बातमी तिच्याशिवाय कुणीच उघडली नव्हती, हे तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्यावर त्यानं सुस्कारा सोडला आणि खरा घोळ सांगितला. तरुण मुलांनी वाचावा म्हणून 'खाडीकाठ'नं सोमवारी शिरवण्याच्या व्यायामशाळेत पेपरचा फुकट गठ्ठा ठेवला होता. पोरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण निकेशची आई, दमयंती, सुकी मासळी विकायची. एवढा कोरा करकरीत कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून तिनं गठ्ठा उचलला नि त्याच्या पुड्या वळल्या.

"आईनं मी सोडलेला कॅच अख्ख्या शिरवण्याला बांधून दिला," तो म्हणाला. "सुकटीबरोबर. फ्री."

प्रियदर्शिनीला हसायचं नव्हतं. तक्रार घेऊन आलेल्या वाचकाला हसू नये एवढं तिला कळत होतं. पण हसू आलं ते आलंच, आणि तिचं हसणं बघून त्याचाही राग टिकेना. त्याचे कान लाल झाले. तो खाली बघून हसला, आणि प्रियदर्शिनीला तो त्याच क्षणी आवडला. मात्र हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही, कारण तिचं डोकं दुसरीकडेच धावलं होतं.

"म्हणजे लोकांनी वाचलं?" तिनं विचारलं. "पोरांनीपण?"

"वाचलं? एकानं तर फ्रीजवर चिकटवलंय."

तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

त्याला कारण होतं. पान सात हे तरुणांचं पान. नाव 'युवास्पंदन'. ते वर्षभर प्रियदर्शिनीच्या गळ्यात होतं आणि आता गळ्याशी आलं होतं. मार्चअखेरपर्यंत तरुण वाचक दिसले नाहीत तर पान बंद, असं मालकांनी बजावलं होतं, आणि पान बंद म्हणजे तिची कंत्राटी नोकरीही बंद. संपादक भगवान सर भले गृहस्थ, पण तरुण म्हटलं की त्यांना तिरकी अक्षरं सुचायची. त्यांनी मथळ्यांत 'भावा' घालून पाहिलं. क्यूआर कोड छापून पाहिला, तो स्कॅन केला की गेल्या वर्षीच्या फराळाची जाहिरात उघडायची. वाचक काही वाढले नव्हते.

"तुम्ही पेपर का वाचत नाही?" तिनं निकेशला सरळ विचारलं.

तो विचार करून म्हणाला, "त्यात आमी नसतो ना. गावची मॅच यूट्यूबवर लाइव्ह असते, पन ती संपली की संपली. पेपरात नाव आलं की... काय माहीत, आपन खरे झालो असं वाटतं. कॅच सुटला तरी."

त्या दिवशी बातमी डिलीट झाली नाही. पण पान सातवरून 'युवास्पंदन' गेलं आणि गावागावांचं क्रिकेट आलं. रविवारी सामने, सोमवारी बातमी. प्रत्येक खेळाडूचं नाव, प्रत्येकाच्या धावा, आणि प्रत्येकाची थोडी थट्टा. कोण कुणाची बॅट मागून खेळतो, कोण बाद झाल्यावर पंचाशी भांडायला चुलत्याला आणतो. मैदानावरची ही आतली माहिती द्यायला निकेश तिच्याजवळ बसायचा. त्याची फलंदाजी आली की उठून जायचा, आणि बहुतेकदा लवकरच परत यायचा.

"एवढ्यात आलास?"

"तुला एकटं वाटत असेल म्हनून आलो."

"तीन चेंडूंत?"

"दोन," तो म्हणायचा. "एक वाइड होता. बरोबर लिही."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही सांगता आलं नसतं. तो पेपर वाचायला लागला, तोही शेवटच्या पानापासून उलटा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एमआयडीसीतून तिला फोन यायचा. पाणीकपातीच्या बातमीत आमचा सेक्टर राहिलाय. अग्रलेख कोण लिहितं, मला झोप आली. ती वाद घालायची, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात यायचं की समोरचा डबा गार झालाय. एका रविवारी सामन्यानंतर तो तिला सीवूड्सच्या खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला घेऊन गेला. वारा खारट होता, पाणी ओसरलं होतं, आणि चिखलात शेकडो गुलाबी पाय उभे होते. ती पक्षी बघत होती. तो पक्षी बघत नव्हता, हे तिला मान न वळवताही समजत होतं.

"काय बघतोस?"

"काय नाय... तुझ्या नाकाला शाई लागलीय."

"मग सांगायचं ना."

"कशाला? चांगली दिसतेय."

घरी पोचेपर्यंत तिनं ती शाई पुसली नाही.

दमयंती मैदानावर भजी घेऊन यायची. एकदा तिनं प्रियदर्शिनीला शेजारी बसवून घेतलं नि चौकशी केली. वडील शहाजीराव मार्केटात माथाडी, राहायला बोनकोड्याला, मूळ गाव साताऱ्याकडे, हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी मुद्द्यावर आली. "मासली खातंस ना?" खाते म्हटल्यावर ती समाधानानं म्हणाली, "मग कायच प्रॉब्लेम नाय." कसला प्रॉब्लेम, हे विचारायचं धाडस प्रियदर्शिनीला झालं नाही.

फेब्रुवारीत चमत्कार झाला. सोमवारचा 'खाडीकाठ' शिरवण्याच्या स्टॉलवर सकाळीच संपायला लागला. कॉलेजच्या मुली रिक्षात बसून पान सात मोठ्यानं वाचतात, असं पेपर टाकणारे सांगू लागले. मालकांनी पेढे पाठवले. भगवान सरांनी प्रियदर्शिनीला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा कौतुक होणार म्हणून ती ओढणी नीट करून गेली. आत तिची सहकारी उन्नती आधीच बसली होती आणि तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

सरांच्या पुढ्यात गेल्या काही सोमवारची पानं होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. " 'निकेशने दोनच चेंडू खेळले, पण उभे राहण्याची पद्धत सुरेख होती.' पुढचा आठवडा. 'निकेशला धाव काढता आली नाही, मात्र प्रयत्नात कसूर नव्हती.' आणि हा सामना तर तो खेळलाच नाही. 'राखीव खेळाडू निकेशने पाण्याच्या बाटल्या मोठ्या अदबीने मैदानात नेल्या.' "

उन्नतीला आता धीर धरवेना. "पोरी पेपर स्कोअरसाठी घेत नाहीत गं," ती म्हणाली. "तू त्याच्याबद्दल काय लिहिलंस ते बघायला घेतात. शिरवण्यात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हा दोघांना सोडून."

प्रियदर्शिनीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर हसले नाहीत. माणूस म्हणून त्यांना आनंदच होता, असं ते म्हणाले. पण या कचेरीचा एक जुना नियम होता : घरच्या माणसाची बातमी आपण लिहायची नाही. निकेश परका असेल तर बाकीच्या दहाजणांसारखाच लिही. घरचा असेल तर क्रिकेट उन्नतीला दे.

तिनं वर्षभर खपून उभं केलेलं पान. ते आता कुठे तिचं झालं होतं, आणि निकेश एका शब्दानं काही बोलला नव्हता. ज्यानं विचारलंही नाही त्याच्यासाठी पान सोडून द्यायचं, हे तिला जमेना.

"परका आहे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी उपांत्य सामना होता. प्रियदर्शिनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसली, निकेशनं हात केला तरी वहीत डोकं घालून. आणि नेमकं त्याच दिवशी त्या मुलाला काय झालं कोण जाणे, तो खेळला. षटकार मारून त्यानं पन्नाशी गाठली आणि सामना जिंकून दिला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तिला उठून ओरडावंसं वाटत होतं, इतकं की तिनं पेन दातांत धरलं. मग कचेरीत येऊन तिनं बातमी लिहिली आणि निकेशचं नाव असलेलं प्रत्येक वाक्य खोडलं. कुठलं वाक्य परक्याचं आणि कुठलं नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी छापलं ते एवढंच, की शिरवणे इलेव्हन जिंकली.

सोमवारी दुपारी तो आला. कंपनीचाच शर्ट, पण चेहऱ्यावर पहिल्या दिवशीचा तो लटका रागही नव्हता. ती त्याला बाहेर जिन्यात घेऊन गेली.

"कॅच सुटला तेव्हा लिहिलंस," तो म्हणाला. "बाटल्या नेल्या तेपन लिहिलंस. आयुष्यात एकदा मॅच जिंकवली प्रिया, आनि तू... आई सकाळपासून पेपर उलटा-सुलटा करून बघतेय."

"चूक झाली माझी."

"चूक नाय. तू मुद्दाम केलंस. का?"

खालून जिलेबीचा वास येत होता. कुणीतरी जिना चढून वर गेलं, तेवढा वेळ दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली.

"आमच्याकडे नियम आहे," ती शेवटी म्हणाली. "घरच्या माणसाची बातमी आपण लिहायची नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला समजलं नाही. मग कान लाल झाले.

"मी..." त्यानं घसा खाकरला. "मी कोनाच्या घरचा?"

"ते तू ठरव. मी सरांना परका सांगितलं होतं. पण बातमी लिहायला बसले, तर खोटं लिहिता येईना."

"मना तर पहिल्या दिवशीच..." एरवी जपून बोलणारा निकेश घाईत गावच्या बोलीत शिरला, थांबला, हसला. "मी बातमी डिलीट करायला एकदाच येनार होतो. नंतरच्या सगळ्या रविवारी काय मी तुला स्कोअर सांगायला बसत होतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू दर सोमवारी छापत होतीस. मी वाचत होतो. मना वाटलं आपलं बोलनं चालूच हाय."

तिनं त्याचा हात धरला, आणि तिच्या बोटांवरच्या शाईचा डाग त्याच्या बोटांना लागला तरी दोघांनीही तो सोडला नाही.

संध्याकाळी तिनं घरी वडिलांना सगळं सांगितलं. शहाजीरावांनी फक्त विचारलं, "खरंच पन्नास केल्या व्हत्या का त्यानं?" खरंच केल्या होत्या म्हटल्यावर ते म्हणाले, "मग छापाया पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली आणि पान उन्नतीला द्यायला सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. दुरुस्ती सरांनी स्वतःच्या हातानं लिहिली. त्यातला 'नजरचुकीने' हा शब्द तिनं खोडला नि 'मुद्दाम' लिहिलं. मंगळवारी लिहिलेली ती दुरुस्ती बुधवारी पान सातवर चौकटीत आली : 'निकेश यांच्या एक्कावन्न धावा सोमवारच्या वृत्तात बातमीदाराने मुद्दाम वगळल्या. त्याबद्दल दिलगीर आहोत. सदर खेळाडू बातमीदाराच्या घरचे असल्याने यापुढे क्रिकेटचे वृत्त उन्नती देतील.'

बुधवारचा 'खाडीकाठ' शिरवण्यात कधी खपत नसे. त्या बुधवारी स्टॉलवाल्याला सीवूड्सहून जादा अंक मागवावे लागले. मालकांनी पान चालू ठेवलं, आणि प्रियदर्शिनीला विचारलं की क्रिकेट नाही तर आता गावागावांतल्या मुलींवर काही करता येईल का. ती हो म्हणाली.

अंतिम सामन्याला ती दमयंतीच्या शेजारी बसली, सगळ्या बायकांमध्ये. उन्नती पलीकडे वही घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसली होती. निकेश फलंदाजीला आला, त्यानं आधी गोलंदाजाकडे बघायचं सोडून इकडे बघितलं, आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. प्रियदर्शिनीनं मान खाली घातली नाही. तिला आज काहीच लिहायचं नव्हतं. इतके रविवार तिनं त्याला वहीच्या आडून पाहिलं होतं, आज ती नुसती डोळे भरून बघत होती, सगळ्या गावादेखत.